स्टँड-अप जेट स्की घ्यायची असेल तर लांबी, वजन आणि इंजिन कसं वाचायचं, पायरीपायरीने

तारकर्ली, नागाव किंवा कळंगुटला भाड्याने मिळते ती जेट स्की बसून चालवायची असते, पुढे चालवणारा, मागे आपण जॅकेट घालून. हा लेख तिच्याबद्दल नाहीये. हा आहे उभं राहून चालवायच्या, एकाच माणसाच्या मशीनबद्दल, जिच्यात सीट नसते, मागे फक्त एक उघडा ट्रे असतो पाय ठेवायला आणि पुढून बिजागरीवर वर-खाली होणारा लांब हँडल पोल असतो. आपल्या किनाऱ्यावर ही जवळपास दिसतच नाही, पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दुबईकडे राहणारे बरेच मराठी लोक आता विचारतात की घ्यायची आहे, कुठली घेऊ, आणि पहिला प्रश्न हमखास असतो "एचपी किती?"

माझं म्हणणं सरळ आहे. एचपीचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. स्टँड-अपमध्ये आधी बघायचं ते वजन, आणि तेही नुसतं मशीनचं नाही, तर मशीन अधिक तुम्ही मिळून जे वजन होतं त्यात तुमचा वाटा किती. हा एक आकडा काढता आला की बाकीचा कागद आपोआप समजायला लागतो. खाली क्रमाने सांगतो, पण थोडा इतिहास आधी, कारण त्याशिवाय आजच्या मशीन एवढ्या मोठ्या का झाल्या ते कळत नाही.

आधी थोडं मागचं

उभी जेट स्की हीच मूळ जेट स्की आहे. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन माणसाची कल्पना, आणि कावासाकीने ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. मग जेएस४००, जेएस४४०, १९८२चं जेएस५५०, पुढे ६५०, ७५०, आणि २००३ साली ८०० एसएक्स-आर. यामाहाने १९९० मध्ये सुपरजेट आणली, सुरुवातीला ६३३ सीसी, नंतर ७०१ सीसी. ही सगळी टू-स्ट्रोक इंजिनं, दोन सिलिंडर, कार्ब्युरेटर, अगदी साधी रचना.

मग अमेरिकेचे धुराचे नियम कडक झाले. २०१० पासून पाण्यावरच्या पेट्रोल इंजिनांना नवीन नियम लागू झाले आणि कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक त्यात बसणं अवघड झालं. कावासाकीची ८०० एसएक्स-आर २०११ ला थांबली. यामाहाने टू-स्ट्रोक सुपरजेट २०२० पर्यंत चालू ठेवली पण अमेरिकेत ती फक्त शर्यतीच्या वापरासाठी म्हणून विकली जायची. कावासाकी २०१७ ला १४९८ सीसीची चार सिलिंडर फोर-स्ट्रोक एसएक्स-आर घेऊन परत आली (आता एसएक्स-आर १६० नावाने येते), आणि यामाहाने २०२१ ला १०४९ सीसीची तीन सिलिंडर फोर-स्ट्रोक सुपरजेट काढली. म्हणजे मोठ्या कंपन्यांकडून नवीन घ्यायची तर मुख्य पर्याय हे दोन, आणि जुन्या बाजारात टू-स्ट्रोक सुपरजेट आणि ८०० एसएक्स-आर. याशिवाय फ्रीस्टाइलवाल्यांसाठी (म्हणजे उड्या आणि युक्त्या करणाऱ्यांसाठी) छोट्या कंपन्यांच्या हलक्या टू-स्ट्रोक मशीन आणि कार्बन फायबरचे हल (हल म्हणजे मशीनचं तरंगणारं धड) असतात, पण पहिली मशीन म्हणून तिकडे जाऊ नका.

पायरी १: दोन नवीन आणि एक जुनी, तिन्ही मशीनचे आकडे एका मापात आणा

कंपन्या वजन वेगवेगळ्या पद्धतीने छापतात आणि इथेच लोक फसतात. यामाहा कोरडं वजन देते, म्हणजे पेट्रोल न धरता. कावासाकी भरलेलं वजन देते, पेट्रोल-ऑइल सगळं धरून, मशीन पाण्यात जायला तयार असताना. दोन्ही शेजारी ठेवून तुलना केली तर कावासाकी आहे त्यापेक्षा जास्त जड वाटते.

जुनी टू-स्ट्रोक सुपरजेट (२००८ नंतरचा हल): लांबी २.२४ मीटर, रुंदी ०.६८ मीटर, उंची ०.६६ मीटर, कोरडं वजन १३९ किलो, टाकी १८ लिटर, ७०१ सीसी, सुमारे ७३ एचपी.

नवीन फोर-स्ट्रोक सुपरजेट: लांबी २.४३ मीटर, रुंदी ०.७६ मीटर, कोरडं वजन साधारण १७० किलो, टाकी १९ लिटर, १०४९ सीसी, सुमारे १०० एचपी.

कावासाकी एसएक्स-आर: लांबी २.६५५ मीटर, रुंदी ०.७६५ मीटर, उंची ०.८४ मीटर, भरलेलं वजन २५० किलो, टाकी २३ लिटर, १४९८ सीसी, सुमारे १६० एचपी.

आता पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. म्हणजे जुन्या सुपरजेटमध्ये १३-१४ किलो पेट्रोल, ती झाली १५२ च्या आसपास. नवीनमध्ये १४ किलो पेट्रोल आणि थोडं इकडचं-तिकडचं, ती झाली १८६ धरा. कावासाकी २५० आहेच. आता हे खरे आकडे: १५२, १८६, २५०. हल्लीच्या दोन मशीनमध्ये फरक ८० किलोचा वाटत होता तो प्रत्यक्षात ६४-६५ निघाला, तरीही एका माणसाइतका आहेच.

पायरी २: तुमचा वाटा काढा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, वेळ लागला तरी वही घेऊन करा. तुमचं वजन, त्यात लाइफ जॅकेट, हेल्मेट आणि ओला वेटसूट (पाण्यात घालायचा जाड रबरी सूट) धरून, भागिले (मशीनचं भरलेलं वजन अधिक तुमचं वजन).

समजा तुम्ही सगळं धरून ७५ किलो. जुन्या सुपरजेटवर ७५ भागिले २२७, म्हणजे ३३ टक्के. नवीन सुपरजेटवर ७५ भागिले २६१, म्हणजे २९ टक्के. एसएक्स-आरवर ७५ भागिले ३२५, म्हणजे २३ टक्के.

याचा अर्थ काय? स्टँड-अपमध्ये तुम्ही प्रवासी नसता, तुम्ही हलणारं वजन असता. वळताना गुडघ्यात वाकून आत झुकता, लाटेवर चढताना पाय मागे सरकवता, नाक वर उचलायचं तर पोल खेचून मागे जाता. ह्या सगळ्याचा मशीनवर किती परिणाम होणार ते या टक्केवारीवर ठरतं. ३३ टक्क्यांवर तुम्ही हललात की मशीन लगेच हलते, चांगलंही आणि वाईटही, चूक केली तरी लगेच हलते. २३ टक्क्यांवर मशीन स्वतःच्या मर्जीने सरळ जाते, खळबळीच्या पाण्यात ती तुम्हाला सांभाळते, पण तिला उचलून उडवायची म्हटलं तर ताकद लागते.

आता ५५ किलोच्या माणसाचं गणित करा. जुनी सुपरजेट २७ टक्के, नवीन २३, एसएक्स-आर १८. म्हणजे ५५ किलोच्या मुलीला नवीन सुपरजेट तशीच वाटणार जशी ७५ किलोवाल्याला एसएक्स-आर वाटते! आणि ९५ किलोच्या माणसाला एसएक्स-आर २८ टक्क्यांवर येते, म्हणजे ७५ किलोवाल्याला नवीन सुपरजेट वाटते जवळपास तशी. म्हणूनच कुणी सांगितलं "ही मशीन फार जड आहे" किंवा "फार डगमगते" तर आधी विचारा की सांगणाऱ्याचं वजन किती. इंटरनेटवरच्या अर्ध्या भांडणांचं मूळ इथे आहे असं माझं ठाम मत आहे.

माझा ढोबळ नियम: लाटा, उड्या, युक्त्या करायच्या तर ३० टक्क्यांच्या वर राहा. मोकळ्या पाण्यावर वेग आणि लांब फेऱ्या हव्या तर २२ ते २८. १८-२० च्या खाली गेलात तर मशीन पालथी झाल्यावर सरळ करणं आणि किनाऱ्यावर ओढणं एकट्याला जड जाईल, आणि ते पहिल्याच दिवशी कळतं.

पायरी ३: रुंदी आणि लांबी, उभं राहता येईल का

स्टँड-अपला सुरुवातीला तुम्ही पाण्यात असता, मशीन स्थिर असते, आणि तुम्हाला मागून ट्रेवर चढायचं असतं. त्या क्षणी ना वेग असतो ना जेटचा जोर, मशीन फक्त तरंगत असते, आणि तरंगण्यासाठी तिला स्वतःच्या आणि तुमच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारावं लागतं. एसएक्स-आर अधिक ७५ किलो माणूस म्हणजे ३२५ लिटर पाणी. लहान हलमध्ये जागाच कमी, त्यामुळे जड माणूस चढला की मागचा भाग खोल जातो, ट्रे पाण्याखाली जातो, नाक वर येतं.

इथे रुंदी कामाला येते. ६८ सेंटीमीटर आणि ७६ सेंटीमीटर यात कागदावर आठ सेंटीमीटरचाच फरक आहे पण डावी-उजवीकडे डगमगण्यात तो प्रचंड जाणवतो. जुनी सुपरजेट कमी वेगात खरोखर डुगडुगते, जोपर्यंत ती वेग घेऊन पाण्याच्या वर येत नाही तोवर. नवीन सुपरजेट आणि एसएक्स-आर दोन्ही नवशिक्याला एका दिवसात उभं करू शकतात, याचं श्रेय त्या रुंदीला आणि जास्त फुगवट्याला आहे.

लांबीचं काम वेगळं. लांब हल नाक-शेपटी असं कमी उड्या मारतो, छोट्या लाटा कापत जातो, सरळ रेषेत वेगात स्थिर राहतो. पण आखूड हल चटकन वळतो आणि लाटेच्या खळग्यात अडकत नाही. फ्रीस्टाइलचे खास हल सात फुटांच्या आसपास आखूड करतात ते यासाठीच. एसएक्स-आर २.६५ मीटरची आहे, ती लाटांमध्ये बॅरल रोल (हवेत आडवी कोलांटी) मारायला बनलेली नाही, ती बोयांच्या, म्हणजे तरंगत्या खुणांभोवतीच्या, शर्यतीत आणि मोकळ्या पाण्यात खुलते. यात कमीपणा काहीच नाही, कामच वेगळं आहे.

पायरी ४: इंजिन, आता आला एचपी

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडरमध्ये एक स्फोट होतो. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. म्हणून तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त जोर देते असं आपण बाइकच्या काळापासून ऐकत आलोय. पण आकडे काढा: ७०१ सीसीमध्ये ७३ म्हणजे लिटरला १०४ एचपी. १४९८ मध्ये १६० म्हणजे लिटरला १०७. १०४९ मध्ये १०० म्हणजे ९५. म्हणजे आजची फोर-स्ट्रोक सीसीमागे जवळजवळ तेवढीच ताकद देते, कारण सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, डबल कॅम, ११ च्या आसपास कॉम्प्रेशन आणि इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन. एचपी हरवला नाही, वजन वाढलं. कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, चेन, ऑइलची व्यवस्था हे सगळं डोक्यावर आणि खाली लागतं, इंजिन उंच होतं, मग ते बसवायला हल मोठा लागतो, मोठ्या हलला आणखी वजन. असं एकातून एक वाढत गेलंय.

आणखी एक गोष्ट, ही दोन्ही इंजिनं स्टँड-अपसाठी शून्यातून बनवलेली नाहीत. कावासाकीचं १४९८ सीसी इंजिन त्यांच्या बसायच्या एसटीएक्स-१५एफ मधलं आहे. यामाहाचं १०४९ सीसीचं टीआर-१ इंजिन त्यांच्या बसायच्या वेव्हरनरमधून आलंय. तोटा म्हणजे आकार, फायदा म्हणजे ही इंजिनं भाड्याच्या धंद्यात वर्षानुवर्षं रगडली गेलेली आहेत आणि सुटे भाग मिळतात. मला हा फायदा मोठा वाटतो, विशेषतः जो माणूस रविवारी पाण्यात जातो आणि शनिवारी कार्ब्युरेटर उघडत बसायची ज्याला आवड नाही त्याच्यासाठी.

आता ताकद-वजनाचं प्रमाण, तुमच्यासकट. ७५ किलो धरून जुन्या सुपरजेटला किलोमागे ०.३२ एचपी, नवीनला ०.३८, एसएक्स-आरला ०.४९. एसएक्स-आर सरळ रेषेत दोघींना मागे टाकते ते यामुळे, सपाट पाण्यावर ती ताशी ९५-१०० किलोमीटरच्या घरात जाते आणि त्या वेगाला उभं राहून पाणी अंगावर येताना तो आकडा फार मोठा असतो. नवशिक्याने याला हलक्यात घेऊ नये. नवीन सुपरजेटमध्ये एल-मोड आहे, तो लावला की ताकद कमी होते, शिकणाऱ्याला पहिले काही दिवस तोच लावून द्या.

टू-स्ट्रोकची जाणीव मात्र वेगळी, ते मान्य. थ्रॉटल दाबला की ती लगेच उठते, फिरणारे जड भाग कमी असतात आणि मशीन हलकी असते, म्हणून लाटेच्या तोंडावर अचानक जोर हवा असणारे लोक आजही जुन्या सुपरजेट शोधत फिरतात. पण त्यात पेट्रोलमध्ये ऑइल हाताने मिसळावं लागतं, ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, १८ लिटरच्या टाकीला ३६० मिली. ऑइल विसरलात तर इंजिन गेलं. धूर आणि आवाज जास्त, आणि काही ठिकाणी बंदीच आहे, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या लेक ताहोमध्ये १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक चालवता येत नाहीत. तुम्ही ज्या तलावावर जाणार तिथले नियम घ्यायच्या आधी वाचा, घेतल्यावर नाही.

पायरी ५: पंप बघायला विसरू नका

इंजिन कितीही असो, पुढे ढकलतं ते पाणी. रचना अशी: पोटाखाली जाळी, तिथून पाणी आत येतं, इंजिनला थेट जोडलेल्या शाफ्टवर इम्पेलर (पाणी मागे ढकलणारा पंखा) फिरतो, त्यामागे स्थिर पाती असतात जी पाण्याचा पीळ काढून सरळ करतात, मग निमुळतं नॉझल, आणि शेवटी डावी-उजवीकडे फिरणारं स्टिअरिंग नॉझल. गिअर नाहीत, क्लच नाही. इंजिन फिरतंय तेवढा इम्पेलर फिरतोय.

बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबल्यासारखाच हा प्रकार, पाणी तेवढंच पण वेग वाढतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने मशीन पुढे जाते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, इम्पेलर आणि त्याभोवतीची रिंग यातली फट जेमतेम अर्ध्या मिलीमीटरपर्यंत असते. वाळू-खडे ओढले गेले की रिंगला चरे पडतात, फट वाढते, मग इंजिन ओरडतं पण मशीन पळत नाही. लोक इंजिन खोलतात आणि दोष पंपात असतो. दुसरी, आणि ही जीवाची आहे: थ्रॉटल सोडला की जेट बंद, आणि जेट बंद म्हणजे वळणंही बंद. या मशीनला ब्रेक नाही. समोर काही आलं तर घाबरून थ्रॉटल सोडून हँडल फिरवलं तर ती सरळच जाते. वळायचं तर थोडा थ्रॉटल ठेवूनच वळा, हे पहिल्या दिवशी मोकळ्या पाण्यात मुद्दाम करून अंगवळणी पाडा.

पायरी ६: घरापासून पाण्यापर्यंत

हे कुणी सांगत नाही आणि याच कारणाने कित्येक मशीन गॅरेजमध्ये पडून राहतात. १३९ किलोची जुनी सुपरजेट दोन धडधाकट माणसं पिकअपच्या मागे चढवतात, समुद्रकिनाऱ्यावर वाळूतून ओढतात. २५० किलोची एसएक्स-आर तशी नाही जमत. तिला ट्रेलर पाहिजे, उताराचा रॅम्प पाहिजे, वाळूवर न्यायची तर जाड टायरची ढकलगाडी पाहिजे. नवीन सुपरजेट मधे आहे, दोघांना जमते पण कंबर सांभाळून. तुम्ही अपार्टमेंटमध्ये राहता, पार्किंग एकच आहे, रॅम्प अर्ध्या तासावर आहे, असं असेल तर हा मुद्दा एचपीपेक्षा वर ठेवा.

पायरी ७: पहिला दिवस

लाइफ जॅकेट, हेल्मेट, आणि वेटसूटची चड्डी तरी हवीच. नुसत्या स्विमसूटवर मागे पडलात आणि जेटच्या झोतासमोर आलात तर पाणी शरीराच्या आत जबरदस्तीने शिरून गंभीर इजा होते, कंपन्या मशीनवर स्टिकर लावून हे बजावतात, ते शोभेला नाहीये. यामाहा चालवणाऱ्याचं वय किमान १६ सांगते, ते पाळा.

लॅनयार्ड, म्हणजे इंजिन बंद करणारी दोरी, मनगटाला बांधा, पडलात की इंजिन बंद. फार पूर्वीच्या मशीनमध्ये माणूस पडला की ती मंद गतीने गोल फिरत त्याच्याजवळ परत यायची, आता सरळ बंद होते आणि तुम्ही पोहत तिच्याकडे जायचं.

पाणी किमान कंबरेइतकं पाहिजे, म्हणजे पंप वाळू ओढणार नाही. मशीनचं तोंड मोकळ्या बाजूला करा. मागून छातीवर ट्रेवर या, दोन्ही हात हँडलला, कोपरं बाजूंना टेकवून. इंजिन सुरू करा, थोडा थ्रॉटल द्या, ती सरकायला लागली की एक-एक गुडघा ट्रेमध्ये घ्या. आता गुडघ्यांवरच फिरा, वळा, थांबा, परत या, इथे जितका वेळ घालवाल तितकं पुढचं सोपं. मग वेग थोडा वाढवा, मशीन पाण्यावर आली, स्थिर झाली, की एक पाय, मग दुसरा. लोक उलटं करतात, हळू वेगात उभं राहायला जातात, आणि हळू असतानाच ती सगळ्यात जास्त डगमगते. नजर नाकाकडे नको, लांब पुढे.

पालथी झाली तर मागच्या बाजूला स्टिकर आहे, कुठल्या दिशेने फिरवून सरळ करायची त्याचा बाण असतो. त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवली तर एक्झॉस्टमध्ये साठलेलं पाणी इंजिनकडे जाऊ शकतं.

आपल्याकडे राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट: गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवणं आणि जीव वाचवण्याचं प्रशिक्षण मिळतं. स्टँड-अप तिथे शिकायला मिळेल असं म्हणत नाही, पण पाण्यावर इंजिन चालवायची शिस्त ज्याला आहे तो स्टँड-अप फार लवकर शिकतो.

पायरी ८: पाण्यातून बाहेर आल्यावर

खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर त्याच दिवशी नळाचा पाइप जोडून गोड्या पाण्याने धुवायची, आतून. इथे क्रम पाठ करा: आधी इंजिन सुरू, मग नळ सुरू. बंद करताना आधी नळ बंद, मग इंजिन बंद. उलट केलं, म्हणजे इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातं. आणि पाण्याशिवाय जमिनीवर इंजिन १५ सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, थंड करायला तिला बाहेरचंच पाणी लागतं.

फोर-स्ट्रोकला पहिल्या १० तासांनी ऑइल बदला, मग १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. ऑइल तपासताना मशीन सपाट असली पाहिजे. ऑइल मोजायच्या काडीवर ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय, सुरू करायच्या फंदात पडू नका.

इंजिनमध्ये पाणी गेल्याची शंका आली तर स्टार्टर मारत राहू नका. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन अडतो, रॉड वाकतो. प्लग काढा, मग स्टार्टर फिरवा, पाणी बाहेर उडून जाऊ द्या, टू-स्ट्रोकमध्ये थोडं ऑइल टाका, नवीन प्लग लावून तासाभराच्या आत चालवा. तेवढ्या वेळात नाही केलं तर बेअरिंगना गंज धरायला लागतो.

पायरी ९: जुनी घेत असाल तर

जुन्या सुपरजेटचे ढोबळमानाने तीन प्रकार: १९९० ते ९५ चौकोनी नाकाची, १९९६ ते २००७ गोल नाकाची, आणि २००८ नंतरचा नवीन हल. भाग बरेचसे एकमेकांना बसतात, आणि त्यामुळेच विकणाऱ्याने काय काय बदललंय ते नीट विचारा.

बघायला जाताना कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, घेऊन जा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोन्ही सिलिंडर तपासा, आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी म्हणजे पिस्टन किंवा त्याची रिंग गेलीय, दोन्ही थोडे कमी पण सारखे असले तर घासाघीस करायला वाव आहे. इंजिन थंड असतानाच बघायला मागा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थंड सुरू होते की नाही ते कळत नाही. मग मागून पंपात टॉर्च मारा: इम्पेलरच्या कडा वाकलेल्या, रिंगला खोल चरे, तर तो खर्च किमतीतून कापा. इंजिनच्या खोलीत बघा, तळाशी मिठाचे पांढरे थर आहेत का, शाफ्टजवळ पाणी शिंपडल्याच्या खुणा आहेत का, तिथली सील गेलेली असू शकते. हँडल पोलची बिजागरी हलवून बघा, डावी-उजवीकडे खडखडली तर बुश गेलेत, ते स्वस्त आहेत. ट्रेच्या खाली आणि बाजूच्या कडांना बोटाने ठोकत जा, कुठे पोकळ, मऊ आवाज आला तर हल आतून सुटलाय किंवा आतल्या फोमने पाणी धरलंय, आणि पाणी धरलेला फोम वाळत नाही, उलट वजन वाढवत राहतो. मग पहिल्या पायरीतले १३९ किलो त्या मशीनला लागूच होत नाहीत, म्हणून शक्य असेल तिथे ती वजनकाट्यावर घाला, ट्रेलरचं वजन वजा करा, आणि २० किलो जास्त निघाले तर दुसरी बघा.